आधी थर्मामीटर

पोस्टिंग डोंगरातल्या एका चौकीवर. मी नर्सिंग असिस्टंट, माझे उस्ताद हवालदार बलबीर. थंडीत जवान पाणी पीत नसत, मग कुशीत कळ येई. पेशंट आत यायच्या आधीच मी ‘स्टोन’, म्हणजे मुतखडा, म्हणून मोकळा. उस्ताद माझ्या टोपीवर टपली मारत. “पहले थर्मामीटर, फिर ज्ञान.”

पेन्शन घेऊन गावी, बेंबळीला आलो. टपली मारणारं कुणी नव्हतं, ज्ञान मात्र भरपूर होतं.

अंगणात सोयाबीन वाळवताना वहिनींच्या उजव्या कुशीत कळ आली. त्या कळवळून खाली बसल्या. मी ओट्यावरूनच निदान केलं. तांब्यावर तांबे पाणी पाजलं आणि खडा सरकावा म्हणून उड्या मारायचा हुकूम सोडला.

“भावजी, मला भरती करताव का काय?” वहिनी म्हणाल्या, आणि दुसऱ्याच उडीला भडाभडा ओकल्या. मग भर उन्हात थडथड कापायला लागल्या.

डोक्यावर टपली बसल्यासारखं झालं. थर्मामीटर लावला. एकशे तीन. पुढं खरी पंचाईत. दिवस तर गेले नाहीत ना, पाळी चुकलीय का, हे दिरानं वहिनीला विचारायचं कसं? चौकीवर ही वेळ कधी आली नव्हती. बायकोला पुढं केलं. ती वहिनींच्या कानाशी लागली आणि मला रिपोर्ट दिला तो अख्ख्या गल्लीनं ऐकला: “पाळी येळेवर हाय. लघवीला जळजळ, अन् व्हती लई कमी.”

दादानं जीप काढली. वाटेत मी धाराशिवच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

“पेशंट महिला, वय चाळीस. उजव्या कुशीत कळ, थंडी वाजून ताप, उलटी, लघवी कमी. ओव्हर.”

“ओव्हर काय? तोंडानं काही देऊ नका. थेट या.”

तिथं सगळं डबल मार्च. सलाईन, रक्त, लघवी. पाळी वेळेवर असूनही गरोदरपणाची तपासणी. सोनोग्राफीत किडनी सुजलेली, खाली नळीत खडा अडकलेला, मागं लघवी तुंबून पू झालेला. अँटिबायोटिक चालू केलं आणि लगोलग स्टेंट, म्हणजे बारीक पोकळ नळी, टाकून लघवीची वाट मोकळी केली.

“खडा नंतर काढू,” बाई म्हणाल्या. “हे रक्तात भिनलं असतं तर जीव गेला असता.”

खडा मीच ओळखला होता, असं मी हळूच सुचवलं.

“आणि उड्या?” बाईंनी विचारलं. वहिनींनी त्यांना सगळं सांगितलं होतं.

मी अटेन्शनमध्ये उभा राहिलो.

जीपमध्ये मी उस्तादांचं वाक्य सारखं पुटपुटत होतो म्हणे. ताप उतरल्यावर वहिनींनी विचारलं, “कुठं असतेत तुमचे उस्ताद?”

सांगितलं. जखमी जवानाला स्ट्रेचरवर खाली आणताना दरड कोसळली. जवान वाचला. उस्ताद गेले.

आता घरात कुणी नुसतं कण्हलं, तरी मी तोंड उघडायच्या आत वहिनी थर्मामीटर माझ्या हातात ठेवतात.

“आधी उस्तादाचं ऐका,” म्हणतात. “मग तुमचं.”