शिवणीची फळी

रायपूर राजधानी झालं आणि भनपुरीच्या आरा मशीनवाल्यांचा, म्हणजे लाकूड चिरून देणाऱ्यांचा, भाव एकदम वाढला. नवी ऑफिसं, नवे बंगले. जो येई तो दारं-चौकटी मागे. त्या गर्दीत मी, रेल्वेतला साधा कारकून, स्कूटर लावून विचारायचो, "भैया, खम्हार है क्या? गिटार बनाना है." आपली शिवण, तिला इकडे खम्हार म्हणतात.

"गिटार? पलंग बनवा लो साहब, काम आएगा."

माझी लेक पुढच्या वर्षी जूनमध्ये शिकायला पुण्याला जाणार होती. सदर बाजारात तिने पसंत केलेली गिटार प्लायवुडची होती, वरून लाल रंग फासलेली, आणि आवाज बिस्किटांच्या डब्याचा. मी म्हटलं, मी करून देतो. आमची पोरगी मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. "पक्का, पापा? फिर मैं वही लेके जाऊँगी." एवढं पुरलं मला.

पण ज्याला सांगावं त्याचा एकच प्रश्न. देशी लाकडाची? वाजेल का? माझं डोकंच फिरायचं. तंबोऱ्याची तबली तुणाच्या लाकडाची चालते, ढोलकी आंब्याची चालते, तेव्हा कोणी विचारत नाही. गिटार म्हटली की लाकूडही परदेशातून यायला हवं! पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं.

खरी अडचण लाकडाची नव्हतीच, चिरण्याची होती. ओंडका गाभ्यातून चिरला तर रेषा उभ्या, सरळ येतात आणि फळी वाकत नाही. पण तसं चिरलं की लाकूड वाया जातं, म्हणून सगळे एका बाजूने सपासप कापत सुटायचे. शेवटी एकाने माझ्या चकरांना कंटाळून हवी तशी फळी काढून दिली. ती मी कपाटावर वर्षभर वाळवली, उलटसुलट केली, रंधा मारून आरशासारखी केली. बोटाने ठोकली की टणटणीत, लांबलचक वाजायची. माझं ठोकणं ऐकून आई वैतागायची. "काय खुळ्यासारखा ठोकून राहिला रे?"

मे महिन्यात रजा मंजूर झाली. सोमवारपासून काम सुरू करायचं ठरवून घरी आलो, तर कपाटावर फळी नाही. गच्चीवरून बायकांचे आवाज येत होते. वर गेलो. बाजेवर माझी फळी तिरपी टाकलेली, तिच्यावर घोड्यावर बसावं तशी आई, आणि तळहाताखालून शेवया सुटत होत्या. खाली शेजारच्या काकू त्या झेलून दोरीवर टाकत होत्या. नवा पाट म्हणून आईने सकाळीच तिला फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल चोळलं होतं. फळी पीत गेली, आई पाजत गेली.

मी ओरडलोच. आई थांबली नाही.

"काहून बोंबलून राहिला? पोट्टीले पुण्याले द्याच्या आहेत शेवया. मशीनच्या काय खाईन ते? आन असा पाट मले जन्मात नाही भेटला, बापा."

रागावायला कोणी उरलंच नाही, आणि राग तर मावत नव्हता. तेल प्यालेलं लाकूड सरस धरत नाही. खडूची पूड चोळली, कागद ठेवून गरम इस्त्री फिरवली, पण जोडलेले तुकडे हातात सुटून यायचे. दुसरी फळी वाळायला पुन्हा वर्ष हवं होतं. जूनमध्ये पोरगी गेली, एका हातात शेवयांचा डबा, खांद्याला लाल प्लायवुड.

पुढच्या उन्हाळ्यात ती सुटीवर आली. गच्चीवर आईचा पाट पुन्हा मांडलेला होता. पोरगी जिन्यात बसून तिची गिटार लावत होती. वर आईने कणकेचा गोळा पाटावर आपटला, आणि पाट टणटणीत, लांबलचक वाजला. पोरगी थबकली. तिने एक तार छेडली, खुंटी थोडी पिळली, पुन्हा छेडली.

"पापा, सुनो ना! आजी का पाट एकदम सुर में है. मेरी गिटार ही उतरी हुई थी."

मी पेपर तोंडासमोर धरला. वर आईने दुसरा गोळा आपटला.