बाहेर बसायची सोय

"शर्मिला, संडासाला एक चांगला शब्द सांग."

फोनवर 'हॅलो'सुद्धा न म्हणता रूपेशनं हे विचारलं तेव्हा शर्मिला खारघरच्या घरी भेंडी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली. मराठी घेऊन एम.ए. झाल्यापासून लोक तिला काहीबाही विचारत. लग्नपत्रिकेचा मजकूर, बाळाचं नाव, सोसायटीच्या पाणीकपातीची सूचना. हे मात्र नवीन होतं.

"कुठल्या संडासाला?"

"गाडीतल्या."

"गाडीत संडास नसतो, रूपेश."

"आता असनार. दुकानावर ये, दाखवतो."

फोन बंद झाला. शर्मिलानं उरलेली भेंडी चिरली, पण तुकडे कधी गोल, कधी लांब पडत राहिले.

रूपेश उलव्याचा. त्याचं मूळ गाव विमानतळात गेलं. आधी शेत गेलं, मग घर. बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर इमारत उभी राहिली. पहिल्या मजल्यावर हे लोक राहतात, वर भाडेकरू. त्याचे वडील गोटीराम दिवसभर खाली खुर्ची टाकून कोणाची गाडी कोणाच्या जागेत लागते ते बघत बसतात. रूपेशच्या वयाच्या पोरांनी डंपर घेतले, गळ्यात साखळ्या घातल्या. त्यानं वाशीत गाड्यांच्या सीट-कव्हरचं दुकान टाकलं. त्याला रेक्झिन आवडायचं. का, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

कॉलेजात तो शर्मिलाच्या मागच्या बाकावर बसायचा. एकदा सर विरहाची कविता शिकवत होते. रूपेशनं हात वर केला. "सर, हा मानूस एवढा फिरवून कशाला बोलतो? तिला सरळ सांगत का नाय?" वर्ग हसला. सरांनी पुस्तकाचं पान उलटलं. पुढच्या महिन्यात रूपेशनं कॉलेज सोडलं. मैत्री राहिली.

दुकानात शिरल्यावर त्यानं तिच्यासमोर एक चपटी पेटी ठेवली. लॅपटॉपच्या बॅगेपेक्षा थोडी मोठी, तपकिरी रेक्झिनची, कडेनं क्रीम रंगाची शिलाई. दोन खटके दाबले. पेटीचे चार पाय झाले, वर फोमची मऊ बैठक आली, बैठकीवर झाकण. झाकण उघडलं तर मधे भोक. भोकाखाली पिशवी.

"पिशवीत पावडर हाय. डायपर फाडून काढलेली. पानी पडलं की जेली होते, सांडत नाय." त्यानं अजून एक घडी उलगडली. "हा पडदा. दाराच्या वरच्या दांडीला वेल्क्रोनं लावायचा. आतला बाहेर दिसत नाय. पयला प्लायवूडचा केला होता, तो दोन सीटच्या मधे अडकला. काढायला सीट काढायला लागली."

शर्मिला बघत राहिली. शिलाई फार सुंदर होती. त्यामुळे तिला आणखीच काही सुचेना.

"पण का?"

"आईसाठी," रूपेश म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. त्याची बहीण रंजिता नाशिकला दिलेली. दिलेली म्हणजे तिनं स्वतःच ठरवलं, कॉलेजातला मुलगा, शिकलेलं घर, वेगळी जात. झालं ते झालं, सगळे गोड झाले. तिला मुलगा झाला, बारसं नाशिकलाच. रूपेश आई-बापाला गाडीतून घेऊन गेला. परत येताना कसाऱ्याच्या घाटात आईनं गाडी थांबवायला लावली. झुडपामागं गेली, आली, आणि पार उलव्यापर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. तेव्हापासून नाशिकचं नाव काढलं की ती उठून जाते.

"मी एकदा खोदून विचारलं. तर काय बोलली माहिताय? 'एकदा बाहेर बसले, पुरे झाला. परत नाय बसनार.'" रूपेशचा आवाज खाली आला. "माझी आई. माझी सात सीटची गाडी. आनि तिला हायवेला बाहेर बसायला लागलं. मी सीटा विकतो, यार."

रंजिताचा मुलगा आता धरून धरून उभा राहत होता. येत्या रविवारी त्याचा पहिला वाढदिवस. रंजितानं फोनवर सांगितलं होतं, या वेळी आई आली नाही तर मी काय समजायचं ते समजेन.

"म्हनून घाई. तू आईला समजव. मी मुलगा, मी कसा सांगू, असं बस, अशी झिप लाव? तू मुलगी आहेस. आनि तुझं मराठी चांगलंय. एक छान नाव दे त्याला. संडास बोललो तर ती गाडीत पाय ठेवनार नाय."

मराठी चांगलं असण्याचा हा उपयोग शर्मिलाला कोणी शिकवला नव्हता.

घरी येऊन ती शब्द शोधत बसली. शौचालय म्हटलं की सरकारी पाटीचा वास येई. प्रसाधनगृहात पावडरच लावावी. परसाकडे म्हणायला मागं परस हवं. बहिर्दिशा, हा शब्द आठवल्यावर ती एकटीच हसली, मग थांबली. सगळे शब्द माणसाला घराबाहेर नेत होते. गाडीच्या आत थांबणारा एकही नव्हता. माणसानं इतकी हजार वर्षं रोज केलेल्या गोष्टीला सरळ नाव नाही, याचा अर्थ काय लावायचा तिला कळेना.

शनिवारी ती उलव्याला गेली. इमारतीखाली रूपेशची गाडी उभी होती. मागच्या काचेला आतून तपकिरी पडदा. गाडी हलत होती.

"कोण आहे आत?"

"बाबा. टेस्टिंग."

आतून गोटीरामचा आवाज आला. "रूपेश! ह्या झाकनात माझा लेंगा अडकला रं!"

"खटका दाबा, बाबा! डावा!"

"डावा कुठला? मी उलटा बसलूय!"

वॉचमन येऊन काचेवर टकटक करू लागला. भाडेकरूंच्या गॅलऱ्यांत माणसं जमली. डोक्यावरून एक विमान घरघरत गेलं, त्यामुळे गोटीराम पुढं काय म्हणाले ते कोणालाच कळलं नाही. बरंच झालं असावं. दार उघडून ते बाहेर पडले तेव्हा एका हातानं लेंगा धरला होता. शर्मिलाला बघून म्हणाले, "काय गं बाय, बरी हाईस ना?" आणि काहीच घडलं नसल्यासारखे आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

"हा जुना पीस होता," रूपेश ओशाळून म्हणाला. "आईचा नवीन हाय. त्याला कोनी हात नाय लावला. जा ना तू वर."

वर त्याची आई गोजरा जमिनीवर सूप घेऊन जवळा निवडत बसली होती. सुकलेल्या बारीक कोळंबीचा वास घरभर होता. शर्मिला समोर बसली. तिनं रात्रभर जुळवलेली वाक्यं एकाएकी लांबच लांब वाटायला लागली.

"काकू, रूपेशनं तुमच्यासाठी एक सोय केलीय."

"म्हाईत हाय. सगल्या उलव्याला म्हाईत हाय. माझा पोर येरा झालाय, डोका फिरलाय त्याचा."

"तुम्हाला प्रवासात त्रास होतो म्हणून."

"कसला तरास?"

"म्हणजे... घाटात. बाहेर."

गोजरानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग हसली. "घाटात लागली, गेले झुडपामागं. सगला जल्म भाताच्या बांधावर गेला माझा. झुडपाची कनाला लाज?"

शर्मिलाचा गोंधळ उडाला. ज्या गोष्टीसाठी पडदा, पावडर, झिप, तीच गोष्ट या बाईला काही वाटत नव्हती.

"पण तुम्हीच म्हणालात ना, एकदा बाहेर बसले, परत बसणार नाही?"

गोजराचा हात सुपात थांबला.

"त्या बाहेरचा नाय बोलले मी."

तिनं जवळ्यातला कचरा बाजूला काढला. मग खाली बघूनच बोलली. बारशाच्या दिवशी आत पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या. कोणी पाळणा म्हणेना. एकीनं मोबाइल काढला. "मी बोलले, मोबाईल कनाला, मी हाय ना. आमचा पालना चालू केला. एक कडवा झाला. रंजिता आली, कानात बोलली, 'आई, तू जरा बाहेर बस.'"

"मग?"

"मग काय. बसले. चपला व्हत्या तिथं. आत त्यांच्या मोबाईलवर पालना झाला, नाव ठेवला, सगला झाला." तिनं सूप खाली ठेवलं. "आमच्यात बाई बाहेर कवा बसते, तुना म्हाईत हाय ना?"

शर्मिलाला माहीत होतं. चार दिवस शिवायचं नाही, आत यायचं नाही, ते बाहेर. तिच्या घरात या शब्दाला अजून एक अर्थ होता. तिची आजी रखमा जिथं वाढली ती वस्ती गावाच्या बाहेर होती. तो अर्थ तिनं काढला नाही. तिथं आधीच खूप अर्थ झाले होते.

"काकू, हे तुम्ही रूपेशला का सांगितलं नाही?"

"सांगितला की. बाहेर बसले बोलले. आनखी फोडून काय सांगू? भन हाय त्याची."

शर्मिला जिना उतरून खाली आली. रूपेश गाडीत वाकून पडद्याची वेल्क्रोची पट्टी दाबून बघत होता. तिला वाटलं, न सांगितलं तर? आई गाडीत बसणारच नाही. सांगितलं तर? हे सगळं शिवलेलं कुणासाठी? दोन्हींतलं बरोबर कुठलं, तिला ठरवता येईना. त्याला फिरवून बोललेलं कळत नाही, एवढं एकच तिला नक्की माहीत होतं. म्हणून तिनं सरळ सांगितलं.

तो गाडीच्या पायरीवर बसला. बराच वेळ वेल्क्रो उघडत आणि लावत राहिला. चर्र. चर्र.

"म्हनजे संडासाचा काय संबंधच नाय?"

"नाही."

"मी डायपर फाडले, शर्मिला."

त्यानं रंजिताला फोन लावला, स्पीकरवर.

"मी? आईला बाहेर बस म्हटलं?" रंजिता हसली. "कधी? काहीतरीच काय, दादा?" मग पलीकडून फक्त कुकरची शिट्टी आली. शिट्टी संपल्यावर तिचा आवाज बदलला होता. "सासूबाईंच्या मैत्रिणी हसत होत्या रे. तिच्या 'पालना'ला. तिला कळायच्या आत मी तिला हॉलमध्ये पाठवलं. बाहेर म्हणजे हॉल, दादा! आम्ही हॉललाच बाहेर म्हणतो!"

"तिची लाज राखलीस का तुझी?"

"मला नाही माहीत." ती रडत होती की नाक ओढत होती, कळेना. "खरंच नाही माहीत. आईला फोन दे."

"तूच लाव. आनि 'बाहेर' हा शब्द वापरू नको."

वर फोन वाजला. त्या दोघी काय बोलल्या, कोणालाच कळलं नाही. बऱ्याच वेळानं गोजरा गॅलरीत आली आणि वरूनच ओरडली, "रूपेश! उद्या सकाली गारी काढ!" आत वळली आणि पुन्हा आली. "आनि तो तुझा डबा पन घे!"

रूपेशचा चेहरा उजळला. शर्मिलाला काही उलगडेना.

तिलाही त्यांनी बरोबर घेतलं, कारण रूपेशच्या मते तिला सगळं समजत होतं. कसाऱ्याच्या घाटात गाडी शिरली तसा तो आरशात बघू लागला.

"आई, लागली का?"

"नाय."

दोन वळणं गेली. "आता?"

"गप गारी चालव."

"पडदा लावायला एक मिनिट..."

"तुज्या बापाला बसव," गोजरा म्हणाली. गोटीरामनं घाईघाईनं खिडकीबाहेर बघितलं.

नाशिकला रंजिताच्या दारात फुगे लावलेले होते. आत माणसं होती. सासूबाई पुढं आल्या, त्यांच्यामागं मुलाला कडेवर घेऊन रंजिता. तिनं "आई, आत ये" म्हटलं, आणि हे 'आत' फारच मोठ्यानं म्हटलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. गोजरा उंबऱ्याशीच थांबली. चपला काढल्या. मग रूपेशच्या हातून ती तपकिरी पेटी घेतली आणि तरातरा चालत हॉल ओलांडून थेट आतल्या खोलीत गेली, जिथं बायका बसल्या होत्या. मधोमध पेटी ठेवली. दोन खटके दाबले. पाय उघडले. झाकण बंद आहे का, ते हातानं दाबून बघितलं, आणि वर बसली.

रूपेशनं शर्मिलाचं मनगट धरलं.

"अगंबाई, किती छान आहे हे!" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी वाकून क्रीम रंगाच्या शिलाईवरून बोट फिरवलं. "खाली बसताना माझेही गुडघे धरतात. घडी होते वाटतं? काय म्हणतात याला?"

रूपेशनं शर्मिलाकडे बघितलं. शब्दाची वाट बघत असल्यासारखं रंजितानंही तिच्याकडे बघितलं. शर्मिलानं तोंड उघडलं. शौचालय, प्रसाधनगृह, परसाकडे, बहिर्दिशा. तिनं तोंड मिटलं.

"माझ्या पोरानं केलाय," गोजरा म्हणाली. "मना आत बसावाला."

सासूबाईंना ते नीट कळलं नसावं. त्या रूपेशला म्हणाल्या, "मलाही एक करून द्याल?" तो काही बोलणार तेवढ्यात शर्मिलानं त्याच्या पायावर पाय दिला.

रंजितानं मुलाला आईच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः तिच्या पायाशी खाली बसली. वर्षाचं पोर, पाळण्यात मावणार नाही असं. गोजरानं त्याला गुडघ्यांवर आडवं घेतलं, गुडघे हलवायला सुरुवात केली आणि बारशाला अर्धा राहिलेला पाळणा पहिल्या कडव्यापासून म्हणू लागली. पहिल्या ओळीला कोणीतरी खुसखुसलं. गोजरा थांबली नाही. दुसऱ्या कडव्याला रंजिता तिच्याबरोबर म्हणू लागली, ळच्या जागी ल घालून, जसं लहानपणी म्हणायची तसं.

रूपेश दारात उभा राहून बैठकीच्या चारही पायांकडे डोळ्यांत तेल घालून बघत होता. वजन पेलतंय ना. शर्मिला त्याच्या शेजारी उभी होती. हे जे समोर चाललंय त्याला काय म्हणतात, हे तिला कोणी विचारलं नाही म्हणून बरं, असं तिला वाटलं.