राखून ठेवलेलं नगर

माझ्या मामीने आम्हाला नगर कधी पुरतं बघू दिलं नाही. एका खेपेला एकच ठिकाण, आणि तेही तिच्या मर्जीने. दुसऱ्या ठिकाणाचं नाव काढलं की तिचं उत्तर ठरलेलं, "ते ऱ्हाऊ दे. ते फुडल्या खेपेला." लोक पाहुण्यांना आपलं शहर दाखवायला किती उतावीळ असतात! सकाळी किल्ला, दुपारी म्युझियम, उन्हं उतरली की चांदबीबीचा महाल, आणि रात्री पाहुणे बिचारे पाय चेपत झोपतात. मामीचं तसं नव्हतं. घरातलं तूप वाढावं तसं ती शहर हात राखून वाढायची. आता पाट्यांवर अहिल्यानगर आलं आहे, पण तिच्या तोंडी शेवटपर्यंत नगरच होतं, म्हणून मीही इथे नगरच म्हणते.

मी शेवगावची. माझ्या आईला एकच भाऊ. ते मामा नगरला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरीला होते आणि सावेडीला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. आई होती तोवर आमच्या लेखी नगर म्हणजे कापडबाजार. कुणाच्या लग्नाचा बस्ता, नाहीतर डोळ्यांचा डॉक्टर. मामाकडे जेवायचं आणि संध्याकाळच्या एसटीने परत. मामी तेव्हा स्वयंपाकघरातच दिसायची. सोनईकडची, बुटकी, ठसठशीत कुंकू लावणारी, कामात असली की कुणाशी न बोलणारी. गाडी नगरजवळ आली की डोंगरावर एकटा उभा असलेला महाल दिसायचा. मी आईला विचारायचे, तिथे कधी जायचं? आई म्हणायची, "काय बघायचंय तिथं? दगड." आणि पिशव्या मोजायला लागायची.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना आई गेली. दिवसकार्य उरकून नगरची मंडळी निघाली. मामा चपला शोधत होते. मामी माझ्यासमोर उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत. मला वाटलं, आता गळ्यात पडून रडेल. ती म्हणाली, "तू महाल बगितला न्हाईस ना अजून?"

मला भयंकर राग आला. घरात आईचा फोटो भिंतीला टेकवून ठेवलेला, आणि हिला महाल सुचतोय! मी नुसती मान हलवली. "बगितला न्हाईस तर मी दाखवीन," असं म्हणून ती गाडीत जाऊन बसली.

त्या बोलण्याचा अर्थ मला पुढे बऱ्याच वर्षांनी लागला. आमच्याकडे बहीण गेली की भाच्यांचं येणं-जाणं हळूहळू आटतं. कोणी भांडत नाही, कुणाच्या मनात काही नसतं. नुसतं निमित्त संपतं. मग कुणाच्या लग्नात भेट झाली की 'किती वर्षांनी!' म्हणायचं आणि पंगतीला बसायचं. मामीचं स्वतःचं आजोळ असंच तुटलं होतं. ते गाव सोनईपासून हाकेच्या अंतरावर, पण तिची आई गेल्यानंतर तिला तिकडे कोणी बोलावलं नाही आणि ती आपणहून गेली नाही.

त्या वर्षी एका परीक्षेसाठी मला नगरला जावं लागलं. मुक्काम अर्थातच मामाकडे. परीक्षा झाली तशी मी आठवण करून दिली, "मामी, महाल." ती खिडकीबाहेर बघून म्हणाली, "आज वारं लई हाय. वर उभं ऱ्हाता यायचं न्हाई." बाहेर पिंपळाचं पान हलत नव्हतं. त्याऐवजी तिने मला एका जुन्या राजाच्या कबरीवर बांधलेल्या बागरौझाला नेलं. तिथल्या घुमटाखाली आम्ही दोघी बसलो. इतिहासाचं तिला काही सांगता येत नव्हतं, आणि सांगावं असं तिला वाटतही नव्हतं. तिने डब्यातून गुळाची पोळी काढली, माझ्या हातात दिली आणि विचारलं, "जेवतीस का गं नीट? सैपाक कोन करतं तिकडं?" आई गेल्यावर हे मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. मी त्या परक्या राजाच्या कबरीपाशी बसून पोटभर रडले.

मग ही रीतच पडली. मी आले की रात्रीच्या जेवणाआधी चहाचे कप घेऊन आम्ही बसायचो आणि 'उद्याचं' ठरायचं. ठरायचं म्हणजे मी आणि मामांनी सुचवायचं आणि मामीने मोडायचं. मामा म्हणायचे, "अगं, एका रिक्षात तीन ठिकाणं होतील." मामी त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही. रणगाड्यांचं म्युझियम? "उन्हाळ्यात न्हाई. लोखंड तापतं." किल्ला? "सोमवारी किल्ल्यात जाऊ न्हाई." का जाऊ नये, हे तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही कधी कळलं नाही. अशी सगळी ठिकाणं बाद करत करत शेवटी एक उरायचं, आणि ते तिने सकाळीच मनात धरलेलं असायचं.

किल्ल्याचे तर तिने दोन तुकडे केले. पहिल्या खेपेला खंदकाच्या काठाने फिरवलं, भुईमुगाच्या शेंगा खाऊ घातल्या आणि दरवाज्याशी आल्यावर कपाळाला हात लावला. आत जायला ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि हिचं आधार कार्ड म्हणे घरी राहिलं! परतीच्या रिक्षात पैसे द्यायला तिने पाकीट उघडलं तेव्हा आधार कार्ड पहिल्याच कप्प्यात दिसलं. मी बघितलं, हे तिनेही बघितलं. "आतलं थंडीत बघू," ती पाकीट मिटत म्हणाली, "थंडीत बरं वाटतं आत."

असं का करतेस, असं मी तिला एकदा सरळ विचारलं. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता मामांकडे हनुवटी केली. "तुज्या मामानं लगीन झाल्यावर मला एका आयतवारी समदं नगर दाखवलं. लुनावर. किल्ला, महाल, फराबाग, समदं! दिस मावळायच्या आत घरी. मंग जलमात कदी कुटं नेलं न्हाई. म्हनायचे, तुझं बघून झालंय की."

मामा पेपरामागून म्हणाले, "पेट्रोल किती लागलं होतं त्या दिवशी!"

"आन् आमच्या किरनचं काय झालं?" मामीचा आवाज जरा चढला. किरण हा तिचा एकुलता एक मुलगा, नोकरीसाठी बंगळूरला गेलेला, दोन-तीन वर्षांतून एकदा येणारा. "साळंनं सहल काढली आन् एका दिसात समदं दाखवून टाकलं पोराला. मंग ऱ्हायलं काय त्याचं हितं?"

मी हसले. मामाही हसले. मामी हसली नाही. पोरगा नोकरीमुळे येत नाही हे तिला आमच्याइतकंच कळत होतं; पण शाळेवर राग धरणं तिला जास्त सोपं जात असावं.

माझं लग्न झाल्यावर नवऱ्याला घेऊन पहिल्यांदा गेले, तेव्हा मात्र जुंपली. हे सांगलीकडचे आणि स्वभावाने फार आखीव माणूस. यांनी मोबाईलवर 'नगरमधील प्रेक्षणीय स्थळे' काढून सकाळी आठपासूनचं वेळापत्रक केलं होतं. मामीने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, त्यांच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली आणि म्हणाली, "जावईबापू, नगर काय पळून चाललंय व्हय?"

"तसं नाही मामी, पण एवढ्या लांबून आलोय तर..."

"लांबून आलाय तर जेवा, निजा. उद्या रणगाडे दावते. बाकीचं फुडल्या खेपेला."

दुसऱ्या दिवशी आम्ही निमूटपणे रणगाडेच बघितले. तिथून शेवगावला जाताना गाडीत यांनी तोंड सोडलं. पाहुण्यांना फिरवायचा एवढा कंटाळा? रिक्षाला पैसे मी देणार होतो ना! त्यांची बडबड पाथर्डी रस्त्याला लागेपर्यंत चालली. डोंगरावर महाल दिसला तसे ते एकदम थांबले. मग म्हणाले, "तुझ्या मामीला आपण परत यावं असं वाटतं. बाकी काही नाही यात."

एवढी साधी गोष्ट मला, तिच्या भाचीला, कळली नव्हती, आणि या परक्या माणसाला एका दिवसात कळली. त्यानंतर हे तिच्या बाजूचे झाले. नगरला निघालो की स्वतःच म्हणायचे, "या वेळी एकच हं. मामींचा साठा संपायला नको." आणि मामी फोनवर हालहवाल विचारून झाली की शेवटी न चुकता सांगायची, "तुजी फराबाग ऱ्हायलीय," नाहीतर "दमडी मशीद ऱ्हायलीय तुजी." ते ऐकलं की बरं वाटायचं. कुठेतरी आपलं काहीतरी राहिलंय आणि त्याची आठवण ठेवणारं कोणी आहे, हे सासरी बसून फार आधाराचं वाटतं.

गेल्या वर्षी मामीचं पोटाचं ऑपरेशन झालं. नंतर दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. फोनवर ती म्हणायची, "काय न्हाई, बरी हाय," आणि मागून मामांचं खाकरणं ऐकू यायचं. दिवाळीत भाऊबीज झाली तशी आम्ही गाडी काढून गेलो. मामी पार वाळली होती. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होत्या. त्या संध्याकाळी चहा झाला, पण उद्याचं कोणी ठरवलं नाही. ती लवकर निजली.

सकाळी उठून बघते तर मामी जरीची साडी नेसून दारात खुर्चीवर बसलेली. केस विंचरलेले, पायात चप्पल. "चल," म्हणाली, "गाडी हाय नव्हं? आज समदं दाखवते."

"सगळं?" मी म्हटलं.

"समदं. किती ऱ्हायलंय? फराबाग, मशीद आन् महाल. एका दिसात हुतंय."

मी तिचा हात धरून म्हणाले, मामी, एवढी काय घाई आहे, उन्हाळ्यात येऊ, तुला बरं वाटलं की जाऊ. हे तर मान खाली घालून उगाच किल्ली शोधत होते आणि किल्ली त्यांच्या हातातच होती. मामी कुणाचं ऐकणार? मामांचा हात धरून ती आधीच पायऱ्या उतरू लागली होती.

फराबागेतला तो हौदातला महाल मी बघितला म्हणतात. मला आठवत नाही. दमडी मशिदीच्या दगडावर फार बारीक नक्षी आहे असं हे सांगतात, असेल. मी दिवसभर फक्त मामीकडे बघत होते. प्रत्येक ठिकाणी ती गाडीतून उतरायची, दोन पावलं चालायची, टेकायला जागा शोधायची आणि मला म्हणायची, "बग. नीट बग." मी बघितल्यासारखं करायचे.

उन्हं उतरता उतरता गाडी डोंगर चढून महालापाशी आली. मामी बाहेरच्या दगडावर बसली. हे आणि मामा पुढे कमानींकडे गेले. वारं खरंच सुटलं होतं. खाली सगळं नगर पसरलेलं. ती बोटाने सावेडी कुठे, स्टँड कुठे, किल्ल्याची झाडं कुठे ते दाखवत होती. मग तिने हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "झालं बाई. आता तुजं काय ऱ्हायलं न्हाई."

मला राहवलं नाही. मी तिच्यापाशी खाली बसले आणि मोठ्याने रडत म्हणाले, "मामी, मी कधी नगर बघायला आले होते गं? मी तुझ्याकडे येत होते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं, ती खरंच विचार करत होती. मग तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"असं व्हय," ती म्हणाली. "मंग आदी सांगायचं न्हाई? येवढी वर्सं मी उगंच लपवीत बसले."

आणि हसली. मी तिला इतकं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं. हसता हसता तिला धाप लागली आणि मामा पाण्याची बाटली घेऊन धावत आले.

संक्रांतीच्या आधी ती गेली.

मी अजून जाते. माझं बघायचं काही राहिलेलं नाही आणि मी कुठे फिरतही नाही. किरण वडिलांच्या मागे बंगळूरला चला म्हणून लागला आहे, पण मामा घर सोडत नाहीत. मी दोन दिवस त्यांच्या हातचा चहा पिते. तो चहा अगदीच पांचट असतो. भाजी करून फ्रीजमध्ये ठेवते, तिच्या साड्यांना ऊन दाखवते. निघायच्या दिवशी मामा माळीवाड्याच्या स्टँडवर सोडायला येतात. गाडी हलली की खिडकीला हात लावून चार पावलं सोबत चालतात आणि म्हणतात, "पुन्हा ये गं." त्यांना ते किती सहज म्हणता येतं! मामीला हे दोन शब्द कधी म्हणता आले नाहीत. त्या शब्दांसाठी तिने अख्खं शहर कामाला लावलं होतं.