त्यांना सॉरी म्हणू द्या

“अफेझिया,” डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी लगेच सोपं करून सांगितलं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. याला इस्केमिक स्ट्रोक म्हणतात. बोलण्याचं केंद्र बहुतेकांचं त्याच बाजूला असतं. उजवा हात आणि पायही त्यामुळेच अधू झाले होते. “त्यांना बरंचसं समजतंय, पण शब्द तोंडावर येत नाहीत. पुढे किती येतील, ते आज सांगता येणार नाही.”

माझे यजमान पलंगावरून आमच्याकडे बघत होते. त्यांनी तोंड उघडलं, थोडी जुळवाजुळव केली आणि म्हणाले, “सॉरी.”

मला हसूही आलं आणि रडूही. या माणसानं अमरावतीत उभं आयुष्य स्पोकन इंग्लिशचे क्लास घेतले. भातकुली, तिवसा, कुठून कुठून मुलं यायची. माफी मागण्याचा धडा तर सरांचा लाडका. दोघादोघांना उभं करायचे. एकानं दुसऱ्याच्या पायावर पाय द्यायचा, ‘आय ॲम सो सॉरी’ म्हणायचं, आणि दुसऱ्यानं ‘इट्स ऑल राइट’ म्हटल्याशिवाय कोणी खाली बसायचं नाही. उत्तर मिळालं नाही तर माफी अर्धीच राहते, असं त्यांचं म्हणणं. भिंतीपलीकडे पोळ्या लाटता लाटता तो धडा माझाही पाठ झाला होता.

घरात मात्र लग्नापासून एकदाही सॉरी नाही. भांडण झालं की गच्चीवर चकरा मारायचे आणि मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायचे, “जेवली का तू?” मी नाही म्हटलं की स्वतः दोन ताटं काढायचे. आमच्याकडे घरातली माफी अशीच मागतात. सॉरी हा शब्द बाहेरच्यांसाठी.

आता त्यांच्याजवळ तेवढाच एक शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी सॉरी, पाय अवघडला तरी सॉरी. सलाइन बदलणाऱ्या सिस्टरला सॉरी, एमआरआयसाठी स्ट्रेचर ढकलणाऱ्यालाही सॉरी. वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. त्या सकाळी त्यांच्या हातातून चहाचा कप सुटला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं, तेव्हा मला पित्त वाटलं होतं. शेजाऱ्यांनी जबरदस्तीनं गाडीत घातलं म्हणून निभावलं. असं काही दिसलं तर लिंबूपाणी करत बसू नका.

भेटायला तेल्हाऱ्याहून माझ्या नणंदबाई आल्या. त्यांना आम्ही माई म्हणतो. माईंनी भावाचा हात हातात घेतला तर ते म्हणाले, सॉरी. माईंनी डोळ्यांना पदर लावला.

“बापू, मले काहून सॉरी म्हनून राहिला? आमी का परके हावो?”

मग जो येईल तो हेच म्हणू लागला. मीसुद्धा. आपला माणूस दिवसभर आपली माफी मागतोय, हे ऐकवत नव्हतं. तुमी काई चूक नाई केली, सॉरी म्हनू नका, असं मी त्यांना रोज सांगायचे. सगळे प्रेमानंच सांगत होते.

घरी आल्यावर ते सॉरी म्हणायचे बंद झाले. आम्हाला वाटलं, सुधारणा आहे. मी तसं फोन करून सगळ्यांना कळवलंही. मग ध्यानात आलं की ते काहीच म्हणत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, ताट पुढे केलं की बाजूला सारायचे. हा माणूस आता माझ्याशी कधी बोलणारच नाही, या भीतीनं मला अन्न गोड लागेना.

डॉक्टरांनी अकोल्याच्या एका स्पीच थेरपिस्टकडे, म्हणजे बोलायला पुन्हा शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. बसनं निघालो. मूर्तिजापूरला गर्दी वाढली आणि यांचा अधू पाय शेजारच्या माणसाच्या पायावर पडला. कितीतरी दिवसांनी मी त्यांचा आवाज ऐकला. “सॉरी.”

“होते काका, चालते,” तो माणूस सहज म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

यांचा चेहरा उजळला. अकोला येईपर्यंत ते हसऱ्या तोंडानं बसून होते. खरं सांगते, मला त्या अनोळखी माणसाचा हेवा वाटला.

थेरपिस्ट बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “याला ऑटोमॅटिक स्पीच म्हणतात. वर्षानुवर्षं घोटलेलं बोलणं अशा आजारातही कधीकधी टिकून राहतं. ते माफी मागत नव्हते ताई, ते बोलत होते. त्या माणसानं उत्तर दिलं. तुम्हीही उत्तर द्या. त्या शब्दाला धरूनच पुढचे शब्द येतील.”

 मग मी ठरवलं, सरांचाच माफीचा धडा काढायचा.

मी मुद्दाम चहा उशिरा नेऊ लागले. “आय ॲम सॉरी, आय ॲम लेट.” माझे उच्चार ऐकून सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि डाव्या हाताचं बोट वर झालं, क्लासमध्ये व्हायचं तसंच. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मग त्यांनी सॉरी म्हटलं की मी ‘इट्स ऑल राइट’ म्हणायचे. माईंनाही शिकवलं. त्या फोनवर अशा जोरात ‘इट्साल राइट, बापू’ म्हणायच्या की तेल्हाऱ्याहून फोनशिवायही ऐकू आलं असतं. हळूहळू ‘सो सॉरी’ आलं, मग ‘नो प्रॉब्लेम’ आलं. मराठी मात्र येईना, माझं नावही नाही.

तुमच्या घरी असं माणूस असेल तर एवढंच सांगते. त्याच्याजवळ जो शब्द उरला असेल, शिवी असली तरी, तो नको म्हणू नका. मी थेरपिस्ट बाईंची ऋणी आहे, आणि त्या बसमधल्या माणसाचाही. त्याचं नाव मला कधीच कळणार नाही.

परवा दुपारी त्यांच्या हातून वरणाची वाटी सांडली, नुकत्याच बदललेल्या चादरीवर. मी थकले होते. नको ते बोलले आणि स्वयंपाकघरात निघून आले. थोड्या वेळानं वॉकरचा आवाज आला.

“सॉरी,” ते दारातून म्हणाले.

मी वळले नाही. इट्स ऑल राइट म्हणून भांडी घासत राहिले. धडा झाला होता, पण ते जाईनात. मागे नुसती ओठांची खटपट ऐकू येत होती.

“जे... जेवली... का?”

मी केव्हाच जेवले होते. नळ बंद केला आणि म्हटलं, “नाई जी.”

त्यांनी भिंतीला टेकून डाव्या हातानं मांडणीवरून एक ताट काढलं. मग दुसरं.