कुंकू लावलेली नोटीस

माझ्या गाडी चालवण्यावर आमच्या घरात इतके विनोद झाले आहेत की आता नवीन कुणाला सुचत नाहीत. माझे थोरले दीर म्हणायचे, "ही गाडी चालवत नाही, वरात काढते." पाहुणे हसायचे, नवरा हसायचा, मीही चहा ओतता ओतता हसायची. काटा पन्नासच्या पुढे गेला की माझा पाय ब्रेककडे जातो, हे खरंच आहे. म्हणून लायसन्सची मुदत वाढवायला गेले आणि टेबलापलीकडचे साहेब पडद्याकडे बघत म्हणाले की मॅडम, अतिवेगामुळे तुमचं लायसन्स निलंबित आहे, तेव्हा मला आधी हसूच आलं.

साहेब हसले नाहीत. तीन वर्षांपूर्वी बंगळूरच्या हमरस्त्यावर माझी गाडी कॅमेऱ्यात सापडली होती, ताशी एकशे अठरा. गाडी कोण चालवत होतं ते कळवा, अशी नोटीस घरी आली होती म्हणे. उत्तर गेलं नाही, तेव्हा मालकिणीनंच चालवली असं धरून तीन महिन्यांचं निलंबन लागलं. लायसन्स मी जमा केलंच नव्हतं, त्यामुळे ते तीन महिने अजून सुरूसुद्धा झाले नव्हते. आता कबुलीवर सही करून लायसन्स तिथं ठेवायचं, नाहीतर कोण चालवत होतं ते पुराव्यानिशी लिहून द्यायचं. तोवर गाडीला हात लावायचा नाही. हे सगळं त्यांनी कन्नडमध्ये फार सभ्यपणे सांगितलं, आणि मी नवऱ्याला फोन करून गाडी घरी न्यायला बोलावलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दवाखान्यापर्यंत येऊ न शकणाऱ्या लोकांकडे मी जाते, आणि ती माणसं म्हैसूरच्या बाहेर, टी. नरसीपूरच्या बाजूच्या गावांत राहतात. सोसल्यात एक म्हातारी आहे, अर्धांगानं उजवी बाजू गेलेली. लायसन्स बंद झालं त्याच्या आदल्याच आठवड्यात ती भिंतीला धरून तीन पावलं चालली होती. अशा माणसाला रोजच्या रोज उभं केलं नाही तर ते पुन्हा खाटेला चिकटतं. तीन महिने म्हणजे तिचे पाय गेल्यातच जमा होते.

गाडी माझ्या नावावर कशी, तर ज्योतिषामुळे. माझ्या सासरचे पूर्वज शिपाईगडी म्हणून म्हैसूरला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात निम्मं कन्नड असतं, आणि मोठा निर्णय ज्योतिषाला विचारल्याशिवाय होत नाही. गाडी घ्यायच्या वर्षी दोघा भावांच्या पत्रिकेला लोखंड वर्ज्य निघालं. कोल्हापूरहून आलेल्या धाकट्या सुनेची पत्रिका तेवढी लोखंडाला चालत होती. वाहनयोग माझा आणि किल्ली खालच्या मजल्यावर दिरांच्या खुंटीला, अशी बरीच वर्षं गेली. नंतर कामासाठी म्हणून मी हट्टानं शिकले, तेव्हा किल्ली वर आली.

कचेरीतून घरी येऊन मी सगळ्यांना विचारलं, नोटीस कुठाय? टपाल दीर घेतात. ते निवृत्त हेडमास्तर, त्यांच्या हातून कागद हरवत नाही. त्यांनी कपाळाला आठ्या घालून बराच विचार केला आणि देवघरातून लाल कापडाची पिशवी आणली.

ही पिशवी म्हणजे गाडीच्या मूळ कागदांची. गाडीत आम्ही झेरॉक्स ठेवतो, आणि मूळ कागद वर्षातून एकदा बाहेर येतात, आयुधपूजेला, म्हणजे आमच्या कोल्हापूरकडच्या खंडेनवमीला. त्या दिवशी किल्ल्या, शेतातले कोयते, दिरांचं जुनं पेन आणि गाडीचे कागद पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, मग बाहेर चाकांखाली लिंबं चिरडायची आणि कोहळा फोडायचा. तीन वर्षांपूर्वी पूजेच्या आदल्या दिवशी एक लखोटा आला. त्याच्या खिडकीतून आमच्या गाडीचा नंबर दिसत होता. गाडीचा कागद आहे म्हणून दिरांनी तो पिशवीत टाकला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला कुंकू लागलं. पूजेतली वस्तू मग फोडतं कोण?

कुंकू कुणी लावलं, तर मी. गाडी ज्या सुनेच्या नावावर तिनं लावायचं, अशी आमची रीत. तीन वर्षं मी स्वतःच्या निलंबनाला हळदकुंकू वाहिलं आणि वर हात जोडून गाडी सुखरूप ठेव म्हणून मागितलं. हे लिहितानाही माझं डोकं तापतं.

लखोटा मी चाकूनं उघडला. आत नोटीस होती आणि फोटो होता. फोटोत काचेमागे थोरले दीर, मिशीसकट, आणि शेजारच्या सीटवर शेतातल्या केळीचा घड, त्याला पट्टा लावलेला. लेकीला आणायला ते बंगळूरच्या विमानतळावर गेले होते, तो दिवस. माणूस वेगळा काढता येणार नाही इतका फोटो स्वच्छ होता.

दिरांनी चष्मा लावून बघितलं, चष्मा काढला. मग म्हणाले, "सुम्ने, गुमान सही करून टाक गं. तीन महिने, अष्टे, तेवढंच."

"मी चालवत नव्हते, भावजी."

"गाडी तुझ्या नावावर हाय की नाय? मग हे पण तुझ्याच नावावर. या वयात मी कचेरीत उभा राहू काय? तिथं माझे विद्यार्थी असतात."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो पंख्याकडे बघत होता. वर गेल्यावर म्हणाला, "अण्णांचं वय बघ. येन माडोदु, काय करायचं?"

"फोटोत वय दिसत नाही, मिशी दिसते," मी म्हणाले. पण आतून मला फार लागलं होतं. वीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्या बाजूनं एक वाक्य बोलला असता तर माझं निम्मं भांडण तिथंच संपलं असतं. तो वाईट नाही. भावासमोर त्याची वाचा बसते, आणि त्याची किंमत मी मोजायची, हे मला आता पुरे झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बसनं सोसल्याला गेले. एक बस चुकली, दुसरी मिळाली, तिथून चालत. पोचले तेव्हा म्हातारी जेवून झोपली होती. एरवी चार घरं होतात, त्या दिवशी एक झालं, तेही अर्धं. तिची सून म्हणाली की अम्मा सकाळपासून दाराकडे बघत बसली होती. परतीच्या बसमध्ये उभी राहून मी ठरवून टाकलं. न केलेल्या गुन्ह्यावर सही करायची नाही, घर कोसळलं तरी चालेल.

मागून कळू नये म्हणून त्याच संध्याकाळी खाली जाऊन सांगितलं. "भावजी, मी उद्या तुमचं नाव लिहून देणार आहे."

ते पेपर वाचत होते, वाचतच राहिले. जाऊबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या आणि आत गेल्या.

कचेरीत मी लखोटा टेबलावर ठेवला. हळदीनं पिवळा, कुंकवानं लाल, एका कोपऱ्याला वाळलेली झेंडूची पाकळी. साहेबांनी तो दोन बोटांनी उचलला. "हे काय?" मी म्हणाले, "आयुधपूजा." त्यांनी मान डोलावली. त्यांच्या कॉम्प्युटरवरही गंधाचे तीन पट्टे होते. मग त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं, आणि एक फॉर्म पुढं सरकवला. वाहन कोण चालवत होते, या ओळीवर मी दिरांचं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

दहा-बारा दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. दिरांना बोलावणं आलं, ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. तिथं त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, फोटो बघून "मीच तो" म्हणाले, हे मला साहेबांकडूनच कळलं. ऐकून बरं वाटलं, आणि रागही आला. इतकं सोपं होतं तर मला का भांडायला लावलं? त्यांचं लायसन्स तीन महिन्यांसाठी जमा झालं, माझं मोकळं झालं. सोसल्याच्या म्हातारीला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, पण ती उभी राहिली.

मग कृष्णराजनगरच्या शेतावर भातकापणी आली. दर रविवारी दीर स्वतः गाडी घेऊन जायचे. त्या रविवारी मी किल्ली घेऊन खाली उतरले, तर ते टोपी घालून गाडीच्या डाव्या दाराशी उभे होते. नवरा मागे आधीच बसला होता. मी गाडी सुरू केली.

गाव सुटल्यावर रस्ता मोकळा लागला. ट्रॅक्टर सोडून सगळ्यांनी आम्हाला मागं टाकलं. दिरांचा उजवा पाय चटईवर आपोआप दाबला जात होता, मला दिसत होता. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"स्वल्प दाब की गं. कापणीची माणसं खोळंबलीत."

"भावजी, गाडी माझ्या नावावर आहे."

मागच्या सीटवर नवरा हसला. या वेळी तो माझ्या बाजूनं हसला. मी काटा पन्नासवर ठेवला, आणि शेत येईपर्यंत तो तिथंच होता.