ओट्यावरचे आबा

शेजारच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजायला ठेवली, की त्या धुराच्या वासाने मला अमळनेरच्या घरातली थंडीतली एक दुपार आठवते. माझी तान्ही लेक न्यूमोनियातून उठून धुळ्याच्या दवाखान्यातून नुकतीच घरी आली होती, आणि सर्दी-खोकला असलेल्या कोणालाही तिच्याजवळ येऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या दुपारी सोनगीरहून माझे वडील एसटीने आले, हातात शेतातल्या वांग्यांची पिशवी, नातीला मांडीवर घ्यायला अगदी अधीर झालेले. पण फाटकातच त्यांना खोकल्याची उबळ आली. आपल्याच बापाला ‘दूर थांबा’ कसं म्हणायचं? तेवढ्यात ते स्वतःच ओट्यावर टेकले आणि तोंडाला उपरणं लावून म्हणाले, “माले खोकला शे, मी आठेच बठस. तू तिले दूरथीनच दखाड.” सासूबाई संकोचल्या, “आबा, आत तरी या, बरं दिसतं का हे?” ते हसून तिथेच मांडी घालून बसले. मी खिडकीच्या बंद काचेआडून लेक दाखवली, आणि ते बाहेरून तिच्यासाठी चुटक्या वाजवत राहिले, जेवलेही तिथेच. पुढे उन्हाळ्यात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला मी माहेरी गेले, तोवर त्यांचा खोकला पार गेला होता. साबणाने हात धुऊन ते समोर आले, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, “आते दे.” आज आबा नाहीत, लेक माझ्याहून उंच झाली आहे; पण ‘दूर थांबा’ हे दोन शब्द त्यांनी मला बोलू दिले नाहीत, या आठवणीने अजून भरून येतं.