आंधळगावचे नापास सॉकेट

आंधळगावच्या आमच्या घरात बसवलेल्या चारही सुरक्षा सॉकेटांत कसलाही दोष नव्हता. हे सिद्ध करायला आम्हाला बारा सॉकेट लागले.

भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. माझ्या वहिनीला घराच्या पुढच्या खोलीत संगणक वर्ग काढायचा होता. गावातल्या मुलींना त्यासाठी भंडाऱ्याला जावं लागे आणि बसचा भरवसा नसल्यामुळे घरचे त्यांना पाठवत नसत. वहिनीने दारोदार फिरून या मुलींची नावं नोंदवली होती. मान्यता देणाऱ्या संस्थेची अट एकच होती: भिंतीवर सुरक्षा सॉकेट हवेत. या सॉकेटचं काम साधं असतं. वीज भलत्या वाटेने, म्हणजे माणसाच्या अंगातून जमिनीत, जाऊ लागली की त्याने क्षणात पुरवठा तोडायचा. सोमवारी संस्थेचे साहेब येऊन ते तपासणार होते. नापास झालो तर केंद्र शेजारच्या गावी जाणार होतं. तिथल्या अर्जदाराने खुर्च्यांना रंगसुद्धा देऊन ठेवला होता!

शनिवारी मी घरी पोहोचलो तेव्हा वायरमन मोरेश्वर भिंतीसमोर उभा होता. सॉकेटवरचं टेस्टचं बटन दाबलं की ‘टक’ आवाज व्हायचा आणि वीज जायची. उत्तम! पण मोरेश्वरने त्याच्याजवळचं तपासणीचं यंत्र सॉकेटमध्ये खोचून त्याचं बटन दाबलं, की काहीही व्हायचं नाही. चारही सॉकेट ढिम्म.

‘‘भाऊजी,’’ वहिनी म्हणाली, ‘‘तुमीच पाहा आता. साहेबही असंच यंत्र घेऊन येऊन राहिले म्हणते.’’

‘‘हो, तू लिहिते ना इजेवर पेपरात,’’ दादाने दुजोरा दिला.

(मी भंडाऱ्याच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. ‘पावसाळ्यात विजेपासून सावधान’ हा लेख मी लिहिला होता. त्यातली माहिती एका पत्रकातून घेतली होती आणि त्या पत्रकातली कुठून घेतली होती हे कोणालाच माहीत नव्हतं.)

मी चष्मा पुसला, सॉकेट उलटसुलट पाहिला आणि निदान केलं, ‘‘माल नकली आहे.’’

‘‘मी तेच म्हणून राहिलो होतो,’’ मोरेश्वर म्हणाला. तोवर तो काहीच म्हणाला नव्हता.

सॉकेट जिथून घेतले होते त्या तुमसरच्या दुकानदाराने कुरकुर न करता चारही सॉकेट बदलून दिले. घरी आणून बसवले. नापास! मी पुन्हा तुमसरला गेलो. या वेळी त्याने गल्ल्यामागून उठायचेही कष्ट घेतले नाहीत.

‘‘साहेब, कंपनीचा सीलबंद माल आहे. तुमच्याच घरी काहून बिघडते?’’

‘‘हे पेपरात छापलं तर चालेल का तुम्हाला?’’

‘‘छापा ना. पण दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात छापा.’’

तरी त्याने आणखी चार दिले. तेही बसवले. तेही नापास झाले. आता वहिनीने जेवणाचं ताट बाजूला सारलं. ‘‘पोरींच्या मायांना काय सांगू मी? घरोघरी जाऊन बोलली मी त्यांच्याशी!’’ ते ऐकून माझ्यातला पत्रकार पेटून उठला. (विजेच्या बाबतीत असं व्हायला नको होतं.) मी टेलिफोन बूथवरून कार्यालयाला बातमी सांगितली: ‘बाजारात नकली सुरक्षा सॉकेटांचा सुळसुळाट’. बातमीत ‘विश्वसनीय सूत्रां’चा हवाला होता. सूत्र मीच होतो. जिल्हा अर्धा झाल्यापासून आमच्या जिल्हा पानाला बातम्याही अर्ध्याच मिळत. डेस्कने ती सोमवारच्या अंकासाठी आनंदाने घेतली.

रविवारी सकाळी चहा घेताना मोरेश्वरला सहज आठवलं आणि त्याने माझ्या आईला विचारलं, ‘‘माय, अर्थिंगच्या गड्ड्यात पाणी टाकते ना तू? मी सांगतलं होतं ना, कोरडा पडू देऊ नको म्हून?’’

‘‘टाकतो ना रोज!’’ आई म्हणाली. ‘‘पाहून ये ना कसा आला वाल तं. शेंगाच शेंगा लागल्या.’’

मग सगळे एकदम परसात धावले.

अर्थिंग म्हणजे विजेची जमिनीत जायची वाट. खोल खड्डा, त्यात मीठ-कोळसा, मधोमध लोखंडी पाइप आणि पाइपाला घरातली तार. आईला रोज पाणी मिळणारी एवढी ओली जागा रिकामी राहावी हे पटलं नव्हतं.

‘‘मीठच मीठ भरलं होतं बाप्पा त्याच्यात! मिठात काय उगवते?’’ तिने खुलासा केला. ‘‘सारं काढून फेकलं अन् शेणखत भरलं.’’

‘‘अन् पाइप?’’ मोरेश्वरने विचारलं.

पाइप वालाच्या मांडवाला टेकू म्हणून उभा होता. खाली फुटलेली कुंडी, कुंडीत कोरडी माती, मातीत वीतभर पाइप. त्याला गुंडाळलेली तार मात्र आईने इमानदारीने जशीच्या तशी ठेवली होती. ‘‘इजेची वस्तू हाय, आपून कायले सोडा?’’

सॉकेटची तक्रार एवढीच होती की यंत्राने सोडलेल्या विजेला जमिनीत जायला वाटच नव्हती. त्याचं स्वतःचं बटन मात्र जमिनीला विचारतच नसे, म्हणून ते इमानाने ‘टक’ करत होतं.

दादाने पाइपाला हात घातला. आई आडवी आली. ‘‘शेंगांवर आलेला वेल हाय! हात लावला तं पाह्यजो!’’

वेल जिंकला. नवा पाइप हवा होता आणि रविवारी पाइप मिळेल असं दुकान एकच होतं. मी तिसऱ्यांदा तुमसरला गेलो.

‘‘या साहेब,’’ दुकानदार म्हणाला. ‘‘पाइप नीट तपासून घ्या. नकली निघाला तं मंग?’’

तिथूनच मी कार्यालयाला फोन करून बातमी मागे घेतली. ‘‘मग त्या जागेत काय टाकू?’’ पान लावणारा सहकारी ओरडला. माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काहीच येत नव्हतं. सोमवारच्या अंकात ‘जिल्ह्यात वालाचे पीक जोमात’ ही बातमी ठळकपणे आली.

संध्याकाळपर्यंत मी, दादा आणि मोरेश्वर वेलापासून दूर नवा खड्डा खणत होतो. आई वेलाशी पहारा देत बसली होती आणि मधून मधून विचारत होती, ‘‘एवढी चांगली माती काढून राहिले, यात पुन्हा मीठच टाकान का?’’

सोमवारी साहेब आले. त्यांनी यंत्र खोचलं. टक! दुसरा, टक! वहिनी प्रत्येक आवाजाला डोळे मिटत होती. चौथ्या आवाजानंतर साहेबांनी सही केली, चहा घेतला आणि जाताना आईने दिलेल्या वालाच्या शेंगाही घेतल्या.

वर्ग सुरू झाला तो मुलींनी खोली भरूनच. वहिनीने वर्गाच्या प्रिंटरवर पहिला कागद काढून सॉकेटांच्या वर चिकटवला: ‘भाऊजींनी येथे हात लावू नये.’ मजकुरात एकही चूक नव्हती. छापण्याआधी तिने तो माझ्याकडूनच तपासून घेतला होता.